बी आमचं, डबा त्यांचा



भात झोडून झालं, पेंढा रचून झाला, आणि डोंगरात खाजकुयलीच्या शेंगा तपकिरी पडल्या की आपल्या पाड्यांवर टेम्पो येतो. टेम्पोवाला काटा लावून बसतो. आपल्या बाया चार-चार तास डोंगरात फिरून शेंगा काढतात. अंगाला राख चोळायची, तोंडाला फडकं बांधायचं, लांब काठीनं शेंग पाडायची. तरी कूस उडतेच. रात्रभर अंग खाजतं, पोरं रडतात, शेण फासून बसावं लागतं. मग शेंगा गोणपाटात घालून बडवायच्या, बी निवडायचं, आणि काट्यावर टाकायचं. भाव टेम्पोवालाच सांगतो. किलोमागं जे हातात पडतं त्यात वडापाव येतो, चहा येत नाही. वर वजनात काटछाट वेगळी.

ह्या वर्षी एक गोष्ट घडली म्हणून हा अग्रलेख लिहितोय. आपल्यातली एक बहीण नायगावला टॉवरमध्ये घरकामाला जाते. त्या घरातल्या आजोबांना कंपवात आहे. हात थरथरतो, चालताना पाय जमिनीला चिकटल्यासारखा होतो. त्यांच्या टेबलावर औषधाचा डबा होता. डब्यावर शेंगेचं चित्र. बहिणीनं चित्र बघितलं आणि तिला अंग खाजल्यासारखंच झालं. ही तर आपली खाजकुयली! डब्यावर नाव मात्र वेगळं, कपिकच्छू. किंमत वाचली तर तिच्या दोन दिवसांच्या पगाराइतकी. तिनं घरच्या बाईंना विचारलं, हे कशाला? बाई म्हणाल्या, अगं, मेंदूचं औषध आहे.

संध्याकाळी बहीण पाड्यावर आली आणि तिनं हे सगळ्यांना सांगितलं. तिथं आपली म्हातारी धवलेरी पण बसली होती. पंचवीस-तीस वर्षं जिनं आजूबाजूच्या पाड्यांवर लग्नं लावली, चौक लिहिले, तिचा उजवा हात आता पदरात लपवलेला असतो, कारण तो थरथरतो. दोन वर्षं झाली, तिनं चौक लिहिलेला नाही. आम्ही सगळे म्हणत होतो, म्हातारपण आहे. त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की ह्याला नाव आहे, आजार आहे, आणि ह्याच्यावर औषधही आहे. त्या औषधाचं बी आपणच ह्याच डोंगरातून काढून विकतोय. आणि आपल्या धवलेरीला ते मिळत नाही.

म्हणून आम्ही ठरवलं, ह्या अंकात नीट माहिती द्यायची. आपल्यातले काही शिकलेले आहेत. बारावीपर्यंतचं विज्ञान, लायब्ररीतली पुस्तकं, आणि ओळखीच्या डॉक्टरांशी बोलून जे कळलं ते सरळ भाषेत लिहितोय.

आधी आजार काय ते बघू. आपल्या मेंदूत डोपामिन नावाचं एक द्रव्य तयार होतं. हात उचलायचा, पाऊल टाकायचं, तोंडावर हसू आणायचं, ह्या हुकमांसाठी ते लागतं. कंपवातात ते तयार करणाऱ्या पेशी हळूहळू मरतात. मग हात थरथरतो, अंग आखडतं, चाल मंद होते, चेहरा थिजल्यासारखा दिसतो. बाहेरून डोपामिन दिलं तर ते मेंदूत शिरत नाही. पण एल-डोपा नावाचं द्रव्य मेंदूत शिरतं आणि तिथं त्याचं डोपामिन होतं. जगभरात कंपवातावर आजही मुख्य औषध हेच, एल-डोपा.

हे एल-डोपा खाजकुयलीच्या बियांत असतं. १९३७ साली मद्रासमध्ये दामोदरन आणि रामस्वामी ह्या दोन संशोधकांनी ते ह्या बियांतून वेगळं काढून दाखवलं. तेव्हा कंपवाताशी त्याचा संबंध कुणाला माहीत नव्हता. तो संबंध कसा कळला, त्याची गोष्ट ऐका, कारण त्या गोष्टीतही आपल्या जंगलातलंच आणखी एक झाड आहे.

ते झाड सर्पगंधा. मराठीत अडकई, हरकी अशीही नावं आहेत. बिहारकडं लोक ही मुळी वेड लागलेल्या माणसाला द्यायचे, त्याला झोप लागायची, तो शांत व्हायचा. १९३१ साली गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस ह्या दोन डॉक्टरांनी लिहिलं की ही मुळी वेडावर आणि रक्तदाबावर चालते. १९४९ साली मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील ह्यांनी रक्तदाबाच्या रोग्यांना हीच मुळी देऊन आलेले अनुभव इंग्लंडच्या एका वैद्यकीय मासिकात छापले, आणि जगाचं लक्ष तिकडं गेलं. १९५२ साली स्वित्झर्लंडच्या एका कंपनीनं त्या मुळीतून रेसर्पिन नावाचं द्रव्य काढलं. १९५४ साली अमेरिकेत डॉ. नेथन क्लाइन ह्यांनी ते मनोरुग्णांना दिलं. तोपर्यंत अशा रोग्यांना साखळी, कोठडी आणि विजेचे झटके. त्यांच्यासाठी गोळी मिळाली ती अशा मुळीतून. १९५७ साली डॉ. वकील आणि डॉ. क्लाइन दोघांना अमेरिकेतलं लास्कर पारितोषिक मिळालं. बिहारातल्या ज्या वैदूंनी आणि म्हाताऱ्यांनी ही मुळी पिढ्यान् पिढ्या राखली त्यांचं नाव कुठंच नाही.

त्याच १९५७ सालची दुसरी गोष्ट. स्वीडनमध्ये आर्विद कार्लसन नावाच्या शास्त्रज्ञानं सशांना रेसर्पिन दिलं. ससे दगडासारखे बसून राहिले, कान पडलेले, हलता येईना. मग त्यानं त्यांना एल-डोपा टोचलं. थोड्या वेळात ससे उठले आणि फिरायला लागले. त्यावरून कळलं की हालचालीसाठी डोपामिन लागतं आणि ते संपलं की अंग थिजतं. पुढं दहा वर्षांत माणसांना कंपवातावर एल-डोपा मिळायला लागलं. कार्लसनला २००० साली नोबेल पारितोषिक मिळालं.

म्हणजे बघा. सशाला थिजवलं ते सर्पगंधातल्या द्रव्यानं. त्याला उठवलं ते द्रव्य खाजकुयलीच्या बियांतही भरलेलं असतं. ही दोन्ही झाडं सह्याद्रीच्या जंगलात होतात. आपले भगत आणि म्हातारे दोन्ही ओळखतात. आम्ही असं म्हणत नाही की नोबेल आपल्याला मिळायला पाहिजे होतं. प्रयोग करायला अक्कल लागते, मेहनत लागते, ती त्यांनी केली. आम्ही एवढंच म्हणतो की जंगलातलं बी ही फुकटची वस्तू नाही आणि ते ओळखणारी माणसं अडाणी नाहीत.

मुंबईतही काम झालं. १९७८ साली मुंबईच्या डॉक्टरांनी कंपवाताच्या रोग्यांना खाजकुयलीचं बी देऊन अभ्यास छापला. पुढं मुंबईच्याच एका जुन्या आयुर्वेदिक कंपनीनं त्याची पावडर बनवली. १९९५ साली ६० रोग्यांवर १२ आठवड्यांची चाचणी झाली, त्यात रोग्यांना फायदा दिसला. २००४ साली लंडनमध्ये ८ रोग्यांवर बारकाईनं चाचणी झाली. नेहमीच्या गोळीचा गुण यायला तासाहून जास्त लागला, ३० ग्रॅम पावडरीचा गुण साधारण अर्ध्या तासात आला आणि जास्त वेळ टिकला. दक्षिण अमेरिकेत बोलिव्हिया म्हणून गरीब देश आहे. तिथल्या लोकांना गोळ्या परवडत नाहीत, म्हणून तिथं १८ रोग्यांना भाजलेल्या बियांची पावडर देऊन बघितली. २०१७ साली ते छापून आलं. एका वेळेच्या मात्रेला गुण चांगला आला.

पण सोबत्यांनो, इथं थांबू नका, पुढचं वाचा. त्याच लोकांनी नंतर १६ आठवडे रोज पावडर देऊन बघितली. तेव्हा १४ पैकी ७ जणांना ती मध्येच सोडावी लागली. कुणाचं पोट बिघडलं, कुणाचा आजारच बळावला. म्हणजे औषध खरं आहे, पण डॉक्टरशिवाय घ्यायचं नाही. बियांत एल-डोपा किती हे जातीप्रमाणे, जमिनीप्रमाणे बदलतं. शंभर ग्रॅम बियांत साधारण चार ते सहा ग्रॅम, कधी त्याहून कमी. चिमूटभर जास्त झालं तर उलट्या होतात, चक्कर येते, माणसाला नाही ते दिसायला लागतं. आपल्याच एका पाड्यावर कुणीतरी ऐकीव माहितीवर घरात बी कुटून म्हाताऱ्याला दिलं, तो रात्रभर ओकला. असं करू नका. आणि एक लक्षात ठेवा, कंपवाताची मरून गेलेली पेशी ह्या औषधानं परत येत नाही. हात काबूत राहतो, माणूस आपलं आपण जेवतो, चालतो. तेवढंही थोडं नाही.

ज्यांच्या घरात असा हात थरथरणारं माणूस आहे त्यांनी म्हातारपण म्हणून गप्प बसायचं नाही. सरकारी दवाखान्यात न्या आणि मेंदूच्या डॉक्टरकडं चिठ्ठी मागा. एल-डोपाची गोळी देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. 'नाही' म्हटलं तर का नाही ते लिहून मागा. आपल्या धवलेरीला आम्ही घेऊन जाणार आहोत. काय झालं ते पुढच्या अंकात लिहू.

आता ब्राह्मीबद्दल. बाजारात 'बुद्धी वाढवणारी ब्राह्मी' म्हणून तेल, सरबत, गोळ्या विकतात आणि परीक्षेच्या दिवसांत आपलीही पोरं ते घ्यायला पैसे मागतात. ब्राह्मी नावानं दोन वेगळ्या वनस्पती विकल्या जातात. एक जलब्राह्मी, जाडसर बारीक पानांची, पांढरट निळ्या फुलांची, ओलीत पसरते. दुसरी मंडूकपर्णी, गोल कातरलेल्या पानांची, तिला मराठीत कारिवणा म्हणतात. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेनं जलब्राह्मीतली बॅकोसाइड नावाची द्रव्यं शोधून कित्येक वर्षं काम केलं. निरोगी माणसांना १२ आठवडे दिल्यावर आठवण ठेवण्यात थोडा फायदा दिसल्याच्या लहान लहान चाचण्या आहेत. चार दिवस खाऊन परीक्षेत मार्क वाढतात असं कुठंही सिद्ध झालेलं नाही. म्हातारपणात सगळं विसरायला लावणारा जो आजार आहे तो ब्राह्मीनं बरा होतो असंही नाही. मालकांगोणीच्या तेलाचंही तसंच. त्यावर बरंचसं काम उंदरांवर झालंय, माणसांवर थोडं. तेव्हा डब्यावरच्या जाहिरातीला भुलू नका. पोराला पोटभर जेवण, रात्रीची झोप आणि शाळेत मास्तर, मेंदूला आधी हे पाहिजे. आश्रमशाळेतल्या पोरांना अंडं आणि डाळ वेळेवर मिळाली तर ब्राह्मीच्या गोळ्यांपेक्षा जास्त फरक पडेल.

पण जलब्राह्मी उगवते कुठं? ओलीत, ओहोळाच्या काठाला, तळ्याच्या कडेला, खाडीजवळच्या खारट चिखलातसुद्धा. जूचंद्र म्हटलं की लोकांना चंडिकेचा डोंगर आणि रांगोळी आठवते. पण हा सगळा पट्टा खाजणाचा, मिठागरांचा आणि ओहोळांचा आहे. तिथं आज काय चाललंय ते वसई-दिवा लाईनीच्या गाडीतून खिडकीबाहेर बघितलं तरी दिसतं. डंपरामागून डंपर भराव. पाणी जायला वाट नाही, पावसात घरात पाणी. जिथं ब्राह्मी होती तिथं मुरूम पडला. मेंदूचं औषध दुकानात शोधायचं आणि ते उगवतं ती ओली जमीन बुजवायची, ही कुठली शहाणपणाची गोष्ट?

डोंगरातही तेच. मुळीला भाव आला की मुळी उपटली जाते. सर्पगंधाची मुळी काढली की झाड संपतं. आज ती शोधायला अख्खा दिवस जातो, आणि तिचा व्यापार जगभर नियमांत अडकलाय कारण ती संपत आलीय. खाली कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गाकडं नरक्या नावाचं झाड आहे. त्यातल्या द्रव्यापासून कर्करोगाची औषधं बनतात. ते कळल्यावर दलालांनी झाडं बुंध्यापासून तोडून ट्रक भरले. कापलेल्या झाडाचं खोड राहिलं, पैसा गेला दुसऱ्याकडं, आणि गुन्हा दाखल झाला मजुरावर. खाजकुयली वेल आहे, दरवर्षी बियांपासून येते, म्हणून अजून वाचलीय. पण शेवटच्या शेंगेपर्यंत ओरबाडली तर तीही जाईल. आपल्या म्हाताऱ्यांची रीत होती, वेलावर चार शेंगा ठेवायच्या, डोंगराच्या. ती रीत टेम्पो आल्यापासून आपणच मोडली. हे आम्ही आपल्या तोंडावर सांगतोय, कारण दुसऱ्यावर बोट दाखवताना आपला हातही स्वच्छ पाहिजे.

आता मुख्य मुद्दा. हे बी कुणाचं?

वनहक्क कायदा, २००६, काय म्हणतो ते पाठ करून ठेवा. गौण वनोपजाच्या व्याख्येत 'औषधी वनस्पती' हे शब्द लिहिलेले आहेत. कलम ३(१)(ग) म्हणतं, परंपरेनं गोळा करत आलेल्या गौण वनोपजावर आपला मालकी हक्क आहे. ते गोळा करायचा, वापरायचा आणि विकायचा. गावाच्या हद्दीत आणि हद्दीबाहेरही. लक्षात घ्या, सवलत नाही, मालकी. आणखी एक कलम आहे, ज्याच्याकडं कुणाचं लक्ष जात नाही, ३(१)(ट). त्यात जैवविविधतेपर्यंत पोचण्याचा हक्क आणि त्यासंबंधीच्या परंपरागत ज्ञानावरचा समूहाचा बौद्धिक संपदेचा हक्क मान्य केलाय. म्हणजे आपल्या भगताचं, सुईणीचं, म्हाताऱ्यांचं डोंगराचं ज्ञान ही समाजाची मालमत्ता आहे, हे संसदेनं लिहून दिलंय.

मग कुणी म्हणेल, तुंगारेश्वर तर २००३ साली अभयारण्य झालं, तिथं कसला हक्क? कायद्यातल्या वनजमिनीच्या व्याख्येत अभयारण्यंही येतात. अभयारण्य जाहीर झालं म्हणून हक्क आपोआप संपत नाही. दुसरा म्हणेल, २००९ साली वसई-विरार महापालिका झाली, तुम्ही आता शहरवाले. आपल्यातल्या कितीजणांना हे ऐकवून परत पाठवलंय! एका टेबलावर सांगतात ग्रामपंचायतीत जा, दुसऱ्या टेबलावर सांगतात महापालिकेत जा, तिसरा म्हणतो फाईल सापडत नाही. पण वनहक्क कायद्यात कुठंही लिहिलेलं नाही की गावावर महापालिकेचा बोर्ड लागला की डोंगरावरचा आदिवासी नाहीसा होतो. पाडा तिथंच आहे, जंगल तिथंच आहे, आपणही तिथंच आहोत.

आपण आजवर काय केलं? प्लॉटचे दावे केले. ते बरोबरच होतं, पोट जमिनीवर आहे. पण बहुतेक पाड्यांनी सामूहिक हक्काचा दावा टाकलाच नाही, किंवा टाकला तेव्हा त्यात सरपण, चराई, पाणी, एवढंच लिहिलं. त्या नमुन्यात वनोपजाचा रकाना आहे आणि ज्ञानाच्या हक्काचाही रकाना आहे. तो आपण कोरा सोडला. कोरा रकाना म्हणजे 'आम्हाला नको' असं आपणच लिहून देणं.

दुसरा कायदा जैवविविधतेचा, २००२ चा. त्यात आहे की प्रत्येक स्थानिक संस्थेनं, म्हणजे ग्रामपंचायतीनं तसंच महापालिकेनंही, जैवविविधता समिती करायची आणि लोकांना बरोबर घेऊन नोंदवही करायची. कुठली वनस्पती, कुठं, कोण वापरतं, कशाला. आणि कंपनीनं त्याचा धंदा केला तर लोकांना वाटा द्यायचा. एका मोठ्या भारतीय औषध कंपनीनं म्हटलं, आम्ही देशी, आम्ही का द्यायचा? २०१८ साली उत्तराखंड हायकोर्टानं सांगितलं, देशी कंपनीनंही द्यायचा. आपल्याला वाटलं, चला, न्याय झाला. पण २०२३ साली संसदेनं कायदाच बदलला. जे ज्ञान औषध कायद्याच्या यादीतल्या जुन्या ग्रंथांमध्ये लिहिलेलं आहे, त्याच्यासाठी कळवायची आणि वाटा द्यायची अट काढली.

ह्याचा अर्थ काय? खाजकुयली ग्रंथात आहे, आत्मगुप्ता म्हणून, कपिकच्छू म्हणून. म्हणजे कंपनी म्हणणार, आम्ही ग्रंथातून घेतलं, तुमच्याकडून नाही. पण ग्रंथ डोंगरात चढत नाही. ग्रंथाला कूस लागत नाही. कुठल्या ओहोळाच्या वरच्या अंगाला वेल आहे, शेंग कधी काढली तर बी भरतं, लवकर काढली तर पोचट निघतं, हे ग्रंथात नाही, आपल्या बायांच्या डोक्यात आहे. लिहिलेल्या ज्ञानाला मान आणि बोललेल्या ज्ञानाला शून्य, हा हिशोब आम्हाला मान्य नाही.

लिहिण्याची ताकद मात्र ओळखून ठेवा. १९९५ साली अमेरिकेत हळदीनं जखम भरते ह्यावर पेटंट दिलं होतं. डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या पुढाकारानं भारतानं जुने कागद दाखवले आणि १९९७ साली ते रद्द झालं. कागद होते म्हणून जिंकलो. आपल्याकडं कागद नाही. आपले भगत म्हणतात, सांगितलं की गुण जातो. आम्ही त्यांचा मान ठेवतो. सगळं सांगू नका. मात्रा, मिश्रण, कशाबरोबर द्यायचं, हे तुमच्याजवळ ठेवा, तुमच्या शिष्याला द्या. पण झाडाचं आपलं नाव, जागा, मोसम आणि 'हे आम्ही बापजाद्यांपासून वापरतो' एवढं गावाच्या वहीत लिहिलं पाहिजे. काय लिहायचं आणि काय नाही हे गावानं बसून ठरवायचं. वही गावाजवळ राहील. बाहेरचा साहेब किंवा कॉलेजचा संशोधक आला तर गावाच्या ठरावाशिवाय पान उघडायचं नाही. संशोधकांशी आपलं भांडण नाही. त्यांनी यावं, विचारावं, काय सापडलं ते आपल्या भाषेत परत येऊन सांगावं. न विचारता नेणं ही चोरी आहे, हातात टेम्पो असो की सूक्ष्मदर्शक.

विचारून केलं तर काय होतं त्याचंही उदाहरण आहे. केरळात काणी नावाचे आदिवासी आहेत. १९८७ साली शास्त्रज्ञ त्यांच्याबरोबर जंगलात गेले. वाटाडे थकत नव्हते, कारण ते एक फळ चघळत होते, आरोग्यपच्चाचं. शास्त्रज्ञांनी त्यापासून औषध बनवलं, १९९५ साली कंपनीला दहा लाख रुपयांना दिलं, आणि फी आणि रॉयल्टी ह्यांतला अर्धा वाटा काणींच्या ट्रस्टला ठरवला. चांगली सुरुवात झाली. पण पुढं झाडाची पानं काढायला वनखात्याची हरकत आली आणि काम अडलं. धडा काय? पैशाचा करार असून भागत नाही, जंगलावर हक्क पाहिजे. हक्क असेल तर करार आपल्या अटींवर होतो.

हक्काचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. गडचिरोलीच्या मेंढा-लेखानं २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला आणि २०११ साली बांबूच्या वाहतुकीचा पास ग्रामसभेनं स्वतःच्या सहीनं द्यायला सुरुवात केली. २०१२ च्या सुधारित नियमांत हे सगळ्यांसाठी आलं. गौण वनोपजाचा वाहतूक परवाना ग्रामसभेची समिती देते. आणि इथं शेजारी शहापूरला कातकरी पोरांनी वनधन केंद्र काढून गुळवेल गोळा केली, सुकवली आणि दलालाला बाजूला ठेवून थेट मोठ्या औषध कंपन्यांना विकली. ती पोरं आपल्यासारखीच आहेत. वीटभट्टीवर गेलेल्या आईबापांची.

तेव्हा येत्या दोन महिन्यांत प्रत्येक पाड्यानं पुढची कामं करायची आहेत.

एक. पाड्याची सभा घ्या. बाया अर्ध्याहून जास्त पाहिजेत, कारण बी त्याच काढतात. सामूहिक हक्काचा दावा केला नसेल तर करा, केला असेल तर त्यात औषधी वनस्पतींची नावं आणि ज्ञानाचा हक्क जोडा. खाजकुयली, गुळवेल, हिरडा, बेहडा, सफेद मुसळी, सर्पगंधा, ब्राह्मी, जे असेल ते. म्हाताऱ्यांचे जबाब लिहून घ्या, कायद्यात तो पुरावा धरला जातो. दाव्याची पोच घेतल्याशिवाय उठू नका.

दोन. महापालिकेकडं आणि ग्रामपंचायतींकडं लेखी विचारा, जैवविविधता समिती कुठं आहे, तिच्यात आमचं कोण आहे, नोंदवहीत आमचा पाडा आहे का. अर्जाची प्रत संघटनेकडं द्या.

तीन. पुढच्या हंगामात एकट्यानं बी विकायचं नाही. पाड्याचा माल एकत्र, काटा आपला, भाव बसून. ज्याला पटत नाही त्याच्या टेम्पोला पाड्यावर जागा नाही.

चार. वेलावर शेंगा ठेवायची रीत परत चालू. मुळीची झाडं दोन पावसाळे कुणी काढायची नाहीत. वणवा लावणारा आपला असला तरी त्याला सभेत उभं करायचं.

पाच. हात थरथरणारी, विसरायला लागलेली, फिट येणारी जेवढी माणसं पाड्यांवर आहेत त्यांची यादी करा. 'लागिरलंय' म्हणून घरात ठेवू नका. भगताकडं जायचं तर जा, पण दवाखान्यातही जा. आपण सगळ्यांना एकत्र घेऊन जाऊ, म्हणजे कुणी हाकलणार नाही.

शेवटी एक गोष्ट. त्या संध्याकाळी सगळं ऐकून झाल्यावर धवलेरी बराच वेळ गप्प होती. मग तिनं पदरातून हात काढला, सगळ्यांसमोर, थरथरत असलेला, आणि म्हणाली, "मंग माझ्या वाटचं बी कुठंय?"

ह्या प्रश्नाला उत्तर द्यायचं आहे. टेम्पोवाल्याला, कंपनीला, साहेबाला आणि आपल्यालाही. तिचं बी तिला मिळालं पाहिजे. ती ज्या डोंगरात उगवते तो डोंगर आपल्या नावावर लागला पाहिजे. तिनं लिहिलेला चौक आणखी एका लग्नात बघायचा आहे.

जंगल आमच्या हक्काचं! ज्ञान आमच्या समाजाचं!

जिंदाबाद!